कलोपचार प्रशिक्षित हातांतच हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रादेशिक मनोरुग्णालयाजवळच्या चौकाला ज्या नागपुरात आजही सर्रास ‘पागलखाना चौक’ म्हटले जाते, तिथे मानसिक आरोग्याविषयी लोक मोकळेपणाने बोलू लागले आहेत, याचे मला मनापासून समाधान वाटते. मात्र त्यासोबत चित्र, माती, नृत्य आणि श्वास यांच्या नावाने दोन दिवसांत मन बरे करून देणाऱ्या कार्यशाळाही निघू लागल्या आहेत. त्यांच्याविषयी हे पत्र.

मी तीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवली. एप्रिल २०२१ मध्ये करोनाने माझे यजमान गेले. अंत्यदर्शनही घडले नाही. त्यानंतर वर्षभर मला रडू आले नाही. झोप उडाली, जबडा दुखू लागला, उजवा खांदा उचलेना आणि तपासण्यांत काहीच निघेना. मैत्रिणीच्या आग्रहाने मी अशा एका कार्यशाळेला गेले. तिथे तीसेक अनोळखी माणसांमध्ये डोळे मिटून ‘तो शेवटचा दिवस पुन्हा जगा’ असे सांगण्यात आले. मला धाप लागली, हातपाय गार पडले, तरी ‘बाहेर पडू द्या’ एवढेच ऐकू येत राहिले. पुढचे तीन आठवडे कसे काढले, ते माझे मलाच ठाऊक.

नंतर मानसोपचारतज्ज्ञांची औषधे सुरू झाली आणि त्यांच्याच सल्ल्याने मी कलेतून उपचार करणाऱ्या एका प्रशिक्षित मुलीकडे जाऊ लागले. तिने पहिले काही आठवडे त्या दिवसाविषयी अवाक्षरही विचारले नाही. मूर्तिकारांच्या चितार ओळीतून आणलेल्या मातीचा गोळा हातात देऊन ती म्हणायची, “काकू, आत्ता खांदे कुठे आहेत?” ते कानांपर्यंत चढलेले असत आणि मला पत्ताही नसे. मग तळपाय जमिनीला नीट टेकवायचे, श्वास सोडताना माती दाबायची, खिडकीतल्या कडुनिंबाकडे पाहायचे, पुन्हा माती. एके दिवशी माझ्या हातून रुग्णालयाचे बंद दार घडले. बराच वेळ मी त्याच्याकडे नुसती पाहत राहिले आणि मग अंगठ्याने त्याला बोटभर फट पाडली. त्या दिवशी मला रडू आले.

धोक्याच्या क्षणी शरीर स्नायू आवळते, श्वास उथळ करते. धोका सरल्यावरही काहींचे शरीर तसेच आवळलेले राहते. जे बोलता येत नाही, ते मातीत किंवा रेषेत उतरले की समोर ठेवून पाहता येते, बदलताही येते. इंग्रज चित्रकार अॅड्रियन हिल यांनी क्षयरोगातून बरे होतानाच्या स्वानुभवावरून १९४२ मध्ये ‘आर्ट थेरपी’ म्हणजे कलोपचार हा शब्द रूढ केला, आणि त्याच वर्षी अमेरिकन नर्तकी मेरियन चेस वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स रुग्णालयात मनोरुग्णांसोबत नृत्यातून काम करू लागल्या. इतक्या वर्षांच्या या अभ्यासात मला सर्वांत मोलाचे वाटते ते हे, की जखम किती उघडायची आणि कुठे थांबायचे, हे उपचारकाला शिकावे लागते. आयुष्यभर चित्रकला शिकवूनही मला ते येत नाही.

केंद्राच्या २०२१ च्या सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसायांविषयीच्या कायद्याच्या अनुसूचीत कला, नृत्य आणि शारीरिक हालचालींतून उपचार करणाऱ्यांचा उल्लेख आहे. तरीही शुल्क भरताना समोरच्याचे शिक्षण मी विचारले नव्हते आणि बहुतेक जण विचारत नसावेत. कोण प्रशिक्षित आहे, हे सामान्य माणसाला सहज पाहता यावे अशी नोंद शासनाने ठेवावी, नागपूरच्या शासकीय रुग्णालयांच्या मानसोपचार विभागांत अशा उपचारकाचे निदान एकेक पद निर्माण करावे आणि आपल्यासारख्या वृत्तपत्रांनी कार्यशाळेची बातमी देताना ती घेणाऱ्याचे प्रशिक्षणही छापावे, अशी माझी विनंती आहे.

मला निवृत्तिवेतन आहे म्हणून दर आठवड्याचे शुल्क परवडले. माझ्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंचा तरुण मुलगा त्याच एप्रिलमध्ये गेला. पोळ्या लाटताना त्यांचेही खांदे कानांपर्यंत चढलेले असतात. टेलिमानस या शासकीय मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मी त्यांना लिहून दिला आहे. पण त्यांच्या हातात मातीचा गोळा देऊन शेजारी बसणारे माणूस त्यांना परवडेल अशा ठिकाणी मला अजून सापडलेले नाही.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका, नागपूर