हळूहळू आवडायला लागतं ते

संपादक साहेब, नमस्कार. 'ग्रो ऑन मी', म्हणजे एखादी गोष्ट हळूहळू आवडायला लागली, असं हल्ली सगळेच म्हणतात, गाणं असो नाहीतर नवीन बॉस, पण बरेच जण ते बघताक्षणी आवडलेल्या गोष्टीलाही चिकटवतात, तिथे ते बसत नाही हो. त्यासाठी 'टेक अ शाइन टू' आहे ना. ग्रो व्हायला ती गोष्ट आधी सो-सो वाटायला हवी आणि मग सारखी समोर यायला हवी. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्सने १९६८ मध्ये दाखवलं की अनोळखी शब्द, चेहरे नुसते जास्त वेळा दाखवले तरी लोकांना ते जास्त बरे वाटायला लागतात. जाहिरातवाले उगाच तीच जिंगल वाजवत नाहीत! पण जे पहिल्यापासूनच डोक्यात जातं ते रोज रोज ऐकून बहुतेक अजूनच डोक्यात जातं, हेही त्यांना कुणीतरी सांगा.

आपला एक वाचक