कापसाच्या खोलीत शेतातले औषध नको

महोदय,

भाव वाढेल या आशेने कापूस घरातच रचून ठेवण्याची खान्देशातील रीत जुनी आहे. मात्र थंडी पडली की त्याच कापसातले किडे भिंतींवर, चौकटींच्या फटींत आणि अंथरुणांत दिसू लागतात, आणि धास्तावलेली माणसे पिकावर फवारायचे औषध घरात मारतात, याकडे आपल्या दैनिकामार्फत लक्ष वेधू इच्छितो.

किडा नीट ओळखला, तर औषधाची गरज बहुधा उरत नाही. लाल अंगाचा, पंखांवर काळे ठिपके आणि पोटाखाली पांढरे पट्टे असलेला, दीडेक सेंटिमीटर लांबीचा किडा म्हणजे लाल ढेकण्या. काळसर अंगाचा, पांढुरक्या पारदर्शक पंखांचा, जेमतेम चार-पाच मिलिमीटरचा तो करडा ढेकूण. तो चिरडला की उग्र वास सुटतो आणि चादरीला डाग पडतो. दोघेही सरकीतला रस शोषतात, माणसाच्या रक्तावर जगत नाहीत. खाटेतल्या ढेकणाला उडायचे पंख नसतात, एवढे पाहिले तरी पुरे. अंगावर पुरळ उठून खाज सुटत असेल, तर मात्र कापसातील अळ्यांवर जगणारे, डोळ्यांना सहज न दिसणारे कोळीवर्गातले जीव हे कारण असू शकते; अशा वेळी घरात कापूस आहे, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

आमच्याकडे एका विक्रेत्याने बोंडअळीचेच औषध ‘कोपऱ्याकोपऱ्यांत मारा’ म्हणून दिले. डब्यावर पिवळा त्रिकोण, म्हणजे अतिविषारी. आणि त्याच खोलीत रात्री लेकरे झोपणार! शिवाय ढिगाच्या आत दडलेल्या किड्यांपर्यंत ते पोहोचतही नाही.

त्यापेक्षा कापूस उन्हात चांगला वाळवून झोपण्याच्या खोलीपासून दूर ठेवावा, किडे झाडून साबणाच्या पाण्यात टाकावेत, खिडक्यांना बारीक जाळी लावावी आणि दाराखालची फट बुजवावी. जळणासाठीच्या पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडे) भिंतीला टेकवून रचू नयेत. साठवणीच्या जागी कामगंध सापळा (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारा) टांगल्यास गुलाबी बोंडअळीचे पतंगही सापडतात.

कृषी विभागाने पहिल्या वेचणीचा कापूस घरी येण्यापूर्वीच या किड्यांची रंगीत चित्रे ग्रामपंचायतींच्या फलकांवर लावावीत, आणि घरात मारण्यासाठी शेतीचे औषध देऊ नये, अशी लेखी ताकीद विक्रेत्यांना द्यावी, ही विनंती.

— एक कापूस उत्पादक, चोपडा (जि. जळगाव)