रायबोझोमला कोण सांगते?

पावस, जि. रत्नागिरी

चि. सायली हिस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलेला प्रश्न अजून मनात घोळतो आहे. केंद्रकात डीएनएवरून संदेशवाहक आरएनएची प्रत निघते, ती बाहेर येते आणि प्रथिने बांधणारा रायबोझोम तिच्यावर तीन-तीन अक्षरे, म्हणजे एकेक कोडॉन, घेत पुढे सरकतो, इथपर्यंत तुला नीट समजले आहे. तुझे अडले ते पुढे: यूजीजी हा कोडॉन आला की ट्रिप्टोफॅन हेच अमिनो आम्ल जोडायचे, हे रायबोझोमला कोण सांगते? खरे म्हणजे रायबोझोमला ते ठाऊकच नसते, आणि या धड्यात पाठांतर बाजूला ठेवून थांबावे अशी जागा माझ्या मते हीच आहे.

अमिनो आम्ल वाहून आणणाऱ्या टी-आरएनएवरचा प्रतिकोडॉन, म्हणजे त्याची तीन अक्षरे, समोरच्या कोडॉनशी जुळतो की नाही, एवढेच रायबोझोम पाहतो. त्या टी-आरएनएच्या दुसऱ्या टोकाला कोणते अमिनो आम्ल बसले आहे, याची तो जवळजवळ तपासणी करीत नाही. वाशीच्या बाजारात पेटीवरची खूण पाहून ती त्या त्या गाळ्यावर उतरवली जाते. आत हापूस आहे की रायवळ, हे मात्र इथे आपल्या पडवीत पेटी भरतानाच ठरलेले असते. रायबोझोम अमिनो आम्ल पाहत नाही, हे 1962 साली प्रयोगाने सिद्ध झाले. संशोधकांनी सिस्टीन जोडलेला टी-आरएनए घेतला आणि निकेलच्या साहाय्याने त्या सिस्टीनमधले गंधक काढून त्याचे अलानीन केले. टी-आरएनए मात्र तोच ठेवला. सिस्टीन मागणाऱ्या कोडॉनसमोर ते अलानीन विनातक्रार जाऊन बसले.

तेव्हा सगळी भिस्त आहे ती टी-आरएनएला अमिनो आम्ल जोडणाऱ्या सिंथेटेज विकरांवर. वीस अमिनो आम्लांसाठी साधारणपणे वीस विकरे असतात, आणि त्यांचे काम फार नाजूक आहे. आयसोल्युसीन आणि व्हॅलीन यांच्यात फरक केवळ एका कार्बनचा आणि दोन हायड्रोजनांचा. व्हॅलीन आकाराने लहान असल्यामुळे ते आयसोल्युसीनच्या जागेत कधीकधी शिरते. पण त्या विकरात दुसरी, अधिक अरुंद जागा असते, जिथे आयसोल्युसीन मावत नाही आणि चुकून आलेले व्हॅलीन मात्र मावते आणि तिथेच तोडून टाकले जाते. दोन चाळण्यांची ही योजना मी प्रथम वाचली तेव्हा कितीतरी वेळ पुस्तकाचे पुढचे पान उलटले नव्हते.

कोडॉनचा तक्ता उलगडण्यात आपल्या हरगोविंद खुराणांचा मोठा वाटा होता. 1968 चे नोबेल त्यांना निरेनबर्ग आणि होली यांच्यासमवेत मिळाले. 64 पैकी 61 कोडॉन अमिनो आम्लांचे आणि तीन थांबण्याचे, हे तुला येतेच, म्हणून ते पुन्हा लिहीत नाही.

आता तुझा पुढचा प्रश्न मला दिसतो आहे: विकराला तरी नेमका टी-आरएनए कसा कळतो? अनेक विकरे प्रतिकोडॉन तपासतात, पण अलानीनचे विकर तिकडे पाहतसुद्धा नाही. अमिनो आम्ल जिथे जोडले जाते त्या टोकाजवळच्या दांड्यातली जी आणि यू या अक्षरांची एक आगळी जोडी त्याला पुरते. 1988 मध्ये ती जोडी दुसऱ्या टी-आरएनएत बसवली, तर त्यालाही अलानीन जोडले गेले. होलींनी 1965 मध्ये पूर्ण क्रम लावला तो अलानीनचाच टी-आरएनए होता. दिवाळीत घरी आलीस की तो कागदावर काढू. ती जोडी तुझी तू शोधून काढ.

तुझे,
बाबा