हेन्रीचं भाषण बसवून देणाऱ्या महाराजांना

ह.भ.प. महाराज,
सप्रेम रामकृष्ण हरी.

सप्ताहाच्या धामधुमीतून वेळ काढून तुम्ही लातूरला तालमीला येऊन बसलात, त्याबद्दल आमच्या नाट्यमंडळाकडून मनापासून आभार.

'हेन्री द फिफ्थ' या नाटकात शेक्सपिअरने इंग्लंडच्या राजाला, पाचव्या हेन्रीला, रंगमंचावर तलवारीने लढायचा एकही प्रसंग दिलेला नाही. त्याचा सगळा पराक्रम बोलण्यात आहे. म्हणून फ्रेंचांविरुद्धच्या १४१५ सालच्या अजिंकोर्टच्या लढाईआधीचं ते पन्नासेक ओळींचं भाषण पडलं, की राजाच पडतो.

नवखा नट पहिल्याच ओळीला आवाज टिपेला नेतो आणि थेट प्रेक्षकांशी बोलू लागतो. पण सुरुवात एका माणसाला दिलेल्या उत्तराने होते. आणखी दहा हजार माणसं हवी होती, असं राजाचा सरदार वेस्टमोरलंड म्हणतो, ते राजा खोडून काढतो. तुम्ही नटाला वेस्टमोरलंडपासून दोन हातांवर उभं केलंत आणि घरात बोलतो तेवढ्याच आवाजात पहिल्या दहा ओळी म्हणवून घेतल्यात. मग, ज्याला लढायचं नाही त्याने खुशाल जावं, वाटखर्चही देतो, हे वाक्य. इथे खरोखर थांबायचं, कुणी निघतंय का ते पाहायचं. ती मोकळीक खरी वाटली नाही, तर पुढचं 'आपण सगळे भाऊ' हे पोकळ वाटतं.

सगळ्यात मोलाचं सांगितलंत ते श्वासाचं. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि नेमका तिथेच दम संपतो. 'दाखवील', 'सांगेल' हे शब्द नटाच्या घशातच राहतात. त्यावर तुमचा उपाय म्हणजे क्रियापदाच्या दोन शब्द आधी चोरटा श्वास घ्यायचा, खांदे न उचलता, पोटातून. म्हातारपणी बाही सारून व्रण दाखवणाऱ्या सैनिकाचं वाक्य त्यामुळे शेवटपर्यंत ऐकू येऊ लागलं.

बेडफर्ड, एक्सेटर, वॉरिक, टॅलबट... भाषणातली ही सरदारांची नावं सरसकट एका सुरात घेतली, की शाळेतली हजेरी होते. प्रत्येक नावाला वेगळ्या माणसाकडे बघा, म्हणालात. कीर्तनात संतांची नावं घेताना तुम्ही तेच करता.

आणि ऐकणाऱ्या वेस्टमोरलंडचीही तालीम तुम्ही तितकीच घेतलीत! शेवटी तोच म्हणतो, राजा, तुम्ही आणि मी दोघंच लढू. भाषण लागू पडलं याचा पुरावा त्याच्याच तोंडी आहे.

प्रयोग तुमची कार्तिकी वारी झाल्यावरच ठेवतो आहोत. पुढच्या रांगेत बसा आणि कुठे श्वास चुकला तर मध्यंतरात आत येऊन सांगा.

आपले,
नाट्यमंडळातील सर्व कलाकार