मेगर भंगारात देऊ नका

आई, बाबा,

परवा फोनवर बाबा सहज बोलल्यासारखं बोलून गेले की पाडव्यानंतर दुकान बंद करायचं, मोटर रिवाइंडिंगची मशिनं भंगारवाल्याला देऊन टाकायची. मी नुसतं हो हो म्हणून फोन ठेवला आणि मग रात्रभर झोप नाही. आता लिहायला बसलेच आहे तर हे पण सांगून टाकते, गेले चार महिने रविवारी मी फोन उचलत नव्हते ते ऑफिसच्या कामामुळे नाही. मी गाडी बनवत होते. बर्फावरची, बॅटरीवर चालणारी.

इथे अमेरिकेत, मिनेसोटा राज्यातल्या डलुथमध्ये हिवाळ्यात उणे 20 म्हणजे काही विशेष नाही, आणि स्नोमोबाइल घरटी असते जशी आपल्याकडे मोटरसायकल. पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा, रणगाड्यासारखा. शेजारच्या आजोबांच्या गॅरेजमध्ये एक जुनी पडून होती, टू-स्ट्रोक इंजिन जाम झालेलं. चारशे डॉलरला दिली, वर गॅरेज वापरायला दिलं आणि हाताखाली स्वतः पण आले.

इंजिन, टाकी, सायलेन्सर सगळं उतरवलं. बेल्टची पुली काढून मोटरवरून सरळ चेन टाकली पट्ट्याच्या शाफ्टला. मोटर ब्रश नसलेली, 72 व्होल्टची. बॅटरी म्हणजे लिथियम फॉस्फेटचे 24 सेल, प्रत्येकी 3.2 व्होल्ट, 100 अँपिअर-अवर. बाबांचा हिशोब होईस्तोवर मीच सांगते, साडेसात युनिटच्या थोडं वर. वजन नुसत्या सेलचं पन्नास किलोच्या आसपास. या सेलची एक खोड आहे, शून्याच्या खाली वीज देतात (कमी देतात पण देतात), चार्ज मात्र करायचं नाही, आत लिथियमचा धातू साचतो आणि सेल कायमचा बाद. म्हणून खोक्याला आतून थर्माकोल आणि हीटरची पट्टी, आधी गरम करायचं मग चार्जर लावायचा.

आई, तू पाठवलेल्या कुकरच्या रिंगा. त्यातली एक कापून मी कंट्रोलरच्या (मोटरला किती करंट द्यायचा ते ठरवणारा) खोक्याला पॅकिंग म्हणून लावली. थंडीत ती अशी कडक झाली की नखाने टकटक वाजायची, आणि फटीतून बर्फ आत. शेवटी बाजारातलं सिलिकॉनच आणलं. उरलेल्या रिंगा कुकरलाच वापरतेय.

पहिल्यांदा गाडी घोडीवर चढवून पट्टा हवेत फिरवला, छान फिरला. खाली उतरवून थ्रॉटल दिला तर असा हिसका बसला की मी मागच्या मागे बर्फात आणि गाडी आजोबांच्या कुंपणात. मनगटाला बांधलेली दोरी सुटली की करंट तुटतो ना, म्हणून कुंपणावरच निभावलं. मग कंट्रोलरमध्ये उचल मऊ करून घेतली.

आता जे सांगायचं नव्हतं ते. टेस्टिंग गोठलेल्या तळ्यावर केलं. आई, थांब, पूर्ण वाच. लेक सुपिरिअरवर नाही गेले, तिथला बर्फ भरवशाचा नाही. आत एक छोटं तळं आहे. आजोबा त्यावर भोक पाडून मासे धरतात, त्यांनी ठिकठिकाणी ड्रिल मारून मोजलं, नऊ इंच. माणसाला चार पुरतो, या गाडीला पाच ते सात सांगतात.

तर दुसऱ्या फेरीलाच जळका वास. आजोबा म्हणाले मोटर गेली, संपलं. मी थांबले, हातमोजा काढला, नाक खाली नेलं आणि सांगितलं, मोटर नाही. मोटरच्या गुंडाळीवरचं वार्निश जळल्याचा वास मला झोपेत पण ओळखता येतो, शाळेतून येऊन तुमच्या दुकानात स्टुलावर बसून गृहपाठ केलाय मी, एखाद्या मागाची मोटर उघडायच्या आधी तुम्ही वास घ्यायचात आणि मला पण घ्यायला लावायचात. हा वास प्लॅस्टिकचा होता. पट्टा ज्या रुळांवरून सरकतो त्यांच्याखाली प्लॅस्टिकच्या पट्ट्या असतात आणि त्यांना भुसभुशीत बर्फच वंगण म्हणून लागतो. वाऱ्याने तळं साफ झालेलं, नुसता काचेसारखा टणक बर्फ, त्यावर त्या तापून वितळत होत्या. (आपल्याकडे दोन्हीला बर्फच म्हणायचं, इथे त्या फरकावर गाडी चालते.) मोटरला हात लावला तर जेमतेम कोमट. आजोबांनी टोपी काढली, खरंच काढली.

नंतर दाबलेल्या ट्रेलवर एका चार्जमध्ये 17 किलोमीटर गेले. ताज्या पडलेल्या बर्फात निम्मं पण नाही, चिखलात बैलगाडी ओढल्यासारखं होतं.

बाबा, तुम्हाला आवडेल असं एक. याच राज्यात उत्तरेला रोसो गाव आहे, तिथे कडबाकुट्टीसारखी मशिनं बनवणारं वर्कशॉप होतं. 1956 च्या सुमारास मालक एडगर हेटीन बाहेरगावी गेलेले असताना डेव्हिड जॉन्सन आणि मंडळींनी धान्याच्या कन्व्हेयरचा पट्टा आणि शेवरलेटच्या बंपरच्या स्की करून बर्फगाडी जोडली. मालक आल्यावर भडकले, पण पगाराला पैसे नव्हते म्हणून ती 465 डॉलरला विकली. पुढे त्यातूनच पोलारिस कंपनी मोठी झाली. तुम्ही गावाला गेल्यावर दुकानात पंपाचे प्रयोग कोण करायचं ते आता विचारू नका.

आता काम. गेल्या आठवड्यात ओल्या बर्फातून आल्यावर बॉडीला हात लावला तर हलकी झिणझिण. कुठेतरी लिकेज आहे, पण मल्टिमीटर सगळं ओके दाखवतो. दाखवणारच, तो चार-दोन व्होल्टवर बघतो, एवढ्याशा ओलीला तिथे काय कळणार. तुमचा तो हाताने फिरवायचा मेगर पाहिजे, जास्त व्होल्ट सोडून इन्सुलेशन तपासणारा. इथे विकत मिळतो, पण मला तोच पाहिजे, हँडल गुळगुळीत झालेला. मे मध्ये येतेय तेव्हा घेऊन जाईन, तोवर कपाटात वर ठेवा, भंगारवाला आला तरी दाखवू नका. आणि हो, कंट्रोलर आणि बॅटरी सोडवूनच मेगर लावीन, माहितीये.

तुमची,
पिंकी