आई, जातं काढून ठेव

पुणे, गुरुवार रात्र

तीर्थरूप आप्पा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर नीट बोलणं झालं नाही. आई रडायला लागली आणि मग मलाही काही सुचेना, म्हणून लिहायला बसले. आईचा चष्मा दुरुस्त होऊन आला नसेल तर आप्पा, तुम्ही मोठ्यानं वाचून दाखवा.

आधी पैशाचं सांगते. फ्लॅटसाठी साठवलेले 6 लाख 80 हजार बाहत्तरच्या दुष्काळावरच्या माझ्या सिनेमात संपले. मित्रमैत्रिणींनी मिळून 2 लाख 15 हजार घातले होते, तेही संपले. पण कर्ज काढलेलं नाही, कुणाचं व्याज चढत नाही आणि तुमच्या सातबाऱ्याला मी हात लावलेला नाही. एवढ्यात सगळं चित्रीकरण झालं आणि एडिटिंगही होत आलंय. आई, तुला वाटतं की मला कुणीतरी नादी लावून फसवलं. तसं काही झालं नाही गं. एका निर्मात्यानं वर्षभर 'करू या, करू या' म्हणून झुलवलं आणि शेवटी फोन उचलणं सोडलं, त्याचं वाईट वाटलं हे खरं. त्याला दुष्काळ नको होता, घोडे आणि तलवारी हव्या होत्या. सरकारचं अनुदान असतं, पण ते सिनेमा पुरा होऊन सेन्सॉरचा दाखला हातात आल्यावर, समितीनं बघितल्यावर. पहिला रुपया आपल्यालाच घालावा लागतो. तो मी घातला आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही.

आप्पा, तुम्ही म्हणाला होता, "बाहत्तर साल म्हंजे काय लई जुनं हाय व्हय? आमी जित्ते हाय की अजून." अगदी त्याच कारणासाठी मला आत्ताच करायचं होतं. तेव्हा तुम्ही सोळा वर्षांचे होता, आई बारा वर्षांची. अजून दहा-पंधरा वर्षांनी मुकादम मस्टरवर नाव कसं पुकारायचा हे सांगणारं माणूस कुठून आणायचं? 1973 च्या मे महिन्यात महाराष्ट्रात जवळजवळ 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. त्यात आपल्या घरातली तीन होती आणि त्या तिघांचा एक फोटो नाही. रोजगार हमी योजनेचं नाव निघालं की वि. स. पागे यांचं नाव निघतं, वसंतराव नाईकांचं निघतं, ते निघायलाच हवं. पण उन्हात बसून खडी फोडताना आपल्या आजीनं बोटांना चिंध्या बांधल्या होत्या, त्या कुठल्या कागदावर नाहीत.

पैसे नसताना जुना काळ उभा करणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगते. पैसेवाला सेट बांधतो, कॉम्प्युटरवर गावं उभी करतो. आम्हाला जे आजचं दिसतं ते टाळत टाळत जुनं शोधायचं होतं. आधी विजेचे खांब. मग मोबाइलचे टॉवर, सिमेंटचे रस्ते, पत्र्यांवरच्या निळ्या टाक्या, ठिबकच्या काळ्या नळ्या. डोंगरावर पवनचक्क्या. एका शॉटमधून दोन पवनचक्क्या पुसायचे जेवढे पैसे सांगितले, तेवढ्यात आमच्या मंडळींचं चार दिवसांचं जेवण होत होतं. म्हणून कॅमेरा जमिनीला टेकवला आणि माणसं आभाळावर घेतली, म्हणजे मागे डोंगरच येणार नाही. काही ठिकाणी कडब्याची गंजी मध्ये घातली. सिनेमात एवढ्या गंज्या का आहेत असं कुणी विचारलं, तर हे त्याचं उत्तर.

पण खरा पेच वेगळाच होता. आम्हाला दुष्काळ मिळेना. आटपाडीच्या बाजूला टेंभू योजनेचं पाणी आलंय. आपल्या लहानपणी जिथं कुसळं होती तिथं डाळिंबाच्या बागा, शेततळी, मधे मधे ऊससुद्धा. मी आणि कॅमेरामन आठ दिवस मोटारसायकलवर उजाड माळ शोधत हिंडलो. एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, काय शोधताय? मी म्हटलं, कोरडी जमीन. ते माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "पोरी, आमी जलमभर पानी हुडकलं. तुला कोरडं कशाला गं पायजे?" मला रस्त्यावरच भरून आलं. मग सगळं सांगितलं तेव्हा तेच आम्हाला घेऊन गेले एका पाझर तलावावर, बाहत्तरच्या कामावर बांधलेला. भरावाच्या खालच्या अंगाला एवढा मोठा माळ तसाच पडलेला. बाबांनी त्या भरावावर माती टाकलेली, त्यांच्या कारभारणीनंही. आम्ही खडी फोडण्याचा सगळा भाग तिथंच केला. मुकादमाचं कामही त्यांच्याकडूनच करून घेतलं. त्यांना काही शिकवावं लागलं नाही. हजेरीचं पुस्तक हातात आल्याबरोबर त्यांचा आवाजच बदलला.

पाचव्या दिवशी वळीव आला. तासभर असा कोसळला की अंथरुणं भिजली, लाइटचे स्टँड पडले. नुकसान फार नव्हतं, पण आठवड्यानं माळावर हिरवी लव आली आणि दुष्काळच गेला. पुढचं सगळं आम्ही अकरा महिन्यांनी, पुढच्या एप्रिलमध्ये केलं. मधल्या काळात नायिकेचं लग्न झालं, एका पोराला मिसरूड फुटलं. पैसे असते तर दुसऱ्या मुलखात जाऊन आठ दिवसांत उरकलं असतं. आम्हाला ऊन परत येईपर्यंत थांबावं लागलं.

कपड्यांवर आम्ही पाच हजारही खर्च केले नाहीत. गावातल्या बायकांनी ट्रंका उघडल्या. डांबराच्या गोळ्यांच्या वासाची लुगडी बाहेर निघाली, कुणाच्या सासूचं, कुणाच्या आईचं. जी फार नवी दिसत होती ती चहाच्या पाण्यात बुडवून वाळवली, कडा विटेनं घासल्या. प्रत्येक लुगड्याला चिठ्ठी लावून नाव लिहिलं होतं आणि प्रत्येक लुगडं मी स्वतः धुऊन, घडी घालून परत केलंय. एकही हरवलं नाही. आई, हे तुला मुद्दाम सांगते, कारण दुसऱ्याची वस्तू कशी परत करायची हे तुझ्याकडूनच आलंय.

आणि तुझा दंड! तुला आठवतं, दिवाळीत मी तुझ्या दंडावरच्या देवीच्या टोचणीच्या वणांचे फोटो काढत होते आणि तू हात झाकून घेत होतीस? तुमच्या पिढीत ते वण सगळ्यांच्या दंडावर. माझ्या वयाच्या नटनट्यांना देवीची लस कुठली असायला? ते वण नसतील तर नुसत्या लुगड्यानं बाई बाहत्तर सालातली होत नाही. रंगभूषा करणारी मुलगी रोज पहाटे तुझा फोटो समोर ठेवून सगळ्यांच्या दंडावर ते वण उठवायची. सिनेमात जेवढे दंड आहेत, तेवढे तुझे आहेत.

आता दाव्याचं, म्हणजे बैल बांधायच्या दोरीचं. हे आप्पांसाठी.

आजोबा बैलजोडी विकतात तो भाग मी आधी लिहिला होता तो असा: खरसुंडीचा बाजार, भरपूर माणसं, खिल्लार जनावरं, हातावर रुमाल टाकून होणारा सौदा. कागदावर फार छान दिसत होतं. पण सिनेमात जनावर घ्यायचं तर आधी पशू कल्याण मंडळाची परवानगी लागते, अर्ज, फी, डॉक्टरचं प्रमाणपत्र. नियम योग्य आहे, माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण बाजार भरवण्याएवढी जनावरं आणि माणसं आम्हाला कुठून जमणार होती? त्या रात्री मी तुम्हाला फोन केला. तुम्ही बराच वेळ बोललाच नाहीत. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणालात, "बैल इकलं तरी दावं देत न्हाईत गं. दावं घरला आणायचं असतं. तात्या सांजच्याला आलं, खांद्यावर दोन दावी हुती. कुनी काय इचारलं न्हाई. आईनं दावी घेतली आन् खुटीला अडकावली."

आप्पा, मी बाजाराची आठ पानं काढून टाकली. आता सिनेमात बैल कुठंच नाहीत. दिवेलागणीला एक माणूस पांदीनं चालत येतो, खांद्यावर दोन दावी. बाई उंबऱ्यातून उठते, दावी घेते, खुंटीला अडकवते आणि भाकरी थापायला बसते. एवढंच. एकाच शॉटमध्ये, तीन मिनिटं. शूटिंगच्या वेळी मॉनिटरवरून कुणी मान वर केली नाही. तो सबंध भाग तुमचा आहे. लेखनाच्या श्रेयात तुमचं नाव टाकलंय, तुम्ही 'नको' म्हणणार हे माहीत असूनही.

त्या शॉटमधली दावी आपल्याच गोठ्यातली आहेत. संक्रांतीला मी नेली होती, ती पुढच्या खेपेला परत आणते.

आमचा सगळ्यात मोठा खर्च जेवणाचा. बावीस दिवस, कधी पंधरा माणसं, कधी चाळीस. हिराकाकू आणि तिच्या जावा मिळून भाकऱ्या करायच्या, पीठ आणि जळण आमचं. दादासाहेब फाळक्यांनी 1913 मध्ये पहिला सिनेमा आणला, त्यासाठी विम्याची पॉलिसी गहाण ठेवली आणि त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करायच्या, असं कोर्सला असताना शिकले होते. तेव्हा ते परीक्षेपुरतं वाचलं. काकूचा धुरानं लाल झालेला चेहरा बघितल्यावर कळलं की त्या स्वयंपाकाशिवाय सिनेमा तिसऱ्या दिवशी बंद पडतो. एक गोष्ट मनाला लागून राहिली, ती लिहितेच. आम्ही उपाशी माणसांचे प्रसंग करत होतो आणि बाजूला टोपलीत भाकऱ्यांची चवड. पहिल्या दिवशी मला घास उतरेना. मग नटमंडळींनीच ठरवलं, तसे प्रसंग असतील त्या दिवशी ते संध्याकाळपर्यंत नुसत्या चहावर राहायचे. मी नको म्हणत होते. त्यांनी ऐकलं नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते सांगते.

चित्रीकरणाच्या वेळचा आवाज आमच्या फारसा कामाचा नाही. कुठं ट्रॅक्टर, कुठं विहिरीवरची मोटार, कुठं जेसीबी. 1972 च्या पहाटेला मोटारसायकलचा आवाज कसा चालेल? म्हणून सगळे आवाज आता वेगळे रेकॉर्ड करून बसवतोय. घणाचा, पावलांचा, रहाटाचा, चुलीचा. मागच्या महिन्यात आले तेव्हा तुम्हाला लॅपटॉपवर दळणाचा प्रसंग दाखवला होता. त्यात बाई मिलो दळते. मिलो म्हणजे तेव्हा अमेरिकेहून आलेली ती लाल ज्वारी. आम्ही आपला शाळू कावेच्या पाण्यात बुडवून वाळवला होता आणि रंग इतका हुबेहूब आला होता की आमची सगळी मंडळी खूश होती. आई, तू जवळ जाऊन बघितलंस आणि म्हणालीस, "रंग बरोबर हाय. पर आवाज शाळवाचा हाय."

मी विचारलं, आवाजात काय फरक? तू म्हणालीस मिलो लई टणक, जात्याला ओढ लागायची, खुंटा दोन्ही हातांनी धरावा लागायचा, पहिल्या चार फेऱ्यांना नुसता करकर आवाज यायचा आणि पीठ पडायला वेळ लागायचा. मग दुसरंही सांगितलंस. त्या प्रसंगात आमची नटी ओवी म्हणते. तू म्हणालीस, पोटात काय नसताना कोण ओव्या म्हणतंय, गप दळायचं आणि उठायचं.

ओवी त्याच रात्री कापली. किती गोड गायली होती तिनं, पण कापली.

आवाज मात्र अजून शाळवाचाच आहे. इथं स्टुडिओत दोन तऱ्हेची जाती आणून बघितली, खडे घालून बघितले, नाही जमलं. पशुखाद्याच्या दुकानात दोन किलो लाल ज्वारी मिळाली आहे. मिलोच आहे की नाही ते तू हातात घेऊन सांगशील. आजीचं जातं गोठ्यात पोत्याखाली आहे ना, ते बाहेर काढून ठेव. धुऊ नकोस. पाथरवटाकडून टाकीही लावून घेऊ नकोस, आहे तसंच राहू दे. खुंटा मोडलाय असं आप्पा म्हणत होते, तर सुताराकडून बाभळीचा बसवून घ्या, पैसे मी देते. तुझे गुडघे दुखतात हे माहीत आहे. पंधरा मिनिटांचंच काम आहे आणि बसायला पोत्याची घडी देईन, पण दळायचं तुलाच आहे. दुसऱ्या कुणाला त्या दाण्याची ओढ ठाऊक नाही.

शनिवारी रात्रीच्या म्हसवड गाडीनं मी आणि आवाजाचं बघणारा मुलगा येतोय. पहाटे साडेतीनला रेकॉर्ड करायचं, कोंबडं आरवायच्या आत. आप्पा, शेजारी सांगून ठेवा की रविवारी पहाटे मोटार तासभर उशिरा चालू करा. फ्रिज बंद ठेवावा लागेल, त्याची घरघर येते, तर दूध आदल्या रात्रीच तापवून ठेव आई. आणि पंखा लावता येणार नाही.

तुमची,
ताई