मेडिक्लेम आहे, पण घरी आल्यावरच्या गोळ्यांचं काय?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

बाबांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा हॉस्पिटलचं बिल कॅशलेसमध्ये निघालं आणि आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला, पण घरी आल्यावर रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या, कोलेस्टेरॉलची गोळी, बीपीची गोळी असं सगळं दर महिन्याला सुरू झालं आणि हा खर्च कोण देणार ते घरात कुणालाच माहीत नव्हतं. "मेडिक्लेम आहे ना" असं आपण सहज बोलून जातो. पण बहुतेक पॉलिसी ॲडमिट झाल्यावरचा खर्च देतात, रोजच्या गोळ्यांचा नाही. ओपीडीचं कव्हर असलंच तर बऱ्याचदा वेगळं घ्यावं लागतं आणि त्यालाही वर्षाची लिमिट असते.

एक गोष्ट मात्र आम्हाला फार उशिरा कळली. डिस्चार्जनंतर ठरावीक दिवस, कुठल्या पॉलिसीत ६०, कुठल्या ९० किंवा त्याहून जास्त, त्याच आजाराच्या औषधांचे पैसे कंपनी देते, फक्त ते आपण आधी भरायचे आणि नंतर बिलं लावून मागायचे. आमच्याकडे हे कळेपर्यंत बिलं एका प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलेली, त्यातली निम्मी त्या गुळगुळीत कागदावरची, दोन महिन्यांत शाई इतकी उडालेली की औषधाचं नावच वाचता येईना. दोन बिलं गेली कारण सोबत डॉक्टरांची चिठ्ठी नव्हती. बाबांची शुगरची गोळीही कापली, ती आधीपासूनची होती आणि ज्या कारणासाठी ॲडमिट केलं त्याच्याशी तिचा संबंध नाही म्हणे. ते नियमात बसत असेल, माझी तक्रार त्याबद्दल नाही. डिस्चार्जच्या दिवशी एवढे कागद हातात दिले, तेव्हा "पुढची औषधांची बिलं आणि चिठ्ठ्या जपून ठेवा, लगेच झेरॉक्स काढा" एवढं एक वाक्य कुणी का सांगितलं नाही?

ॲडमिट असतानाही सगळंच मिळतं असं नाही. को-पे, म्हणजे क्लेममधला आपण भरायचा ठरलेला वाटा, २० टक्के असेल तर मंजूर झालेल्या रकमेतलाही पाचवा भाग आपल्याच खिशातून जातो, आणि ग्लोव्ह्ज, मास्क, डायपर असल्या वस्तू बऱ्याच पॉलिसीत बसतच नाहीत. अजून एक, पॉलिसीत बसते त्यापेक्षा महागडी रूम घेतली की कंपनी बाकीचा खर्चही त्या प्रमाणात कापते, पण औषधांच्या बिलावर अशी कपात करता येत नाही, विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या आयआरडीएआयने २०२० सालीच हे स्पष्ट केलंय. तेव्हा क्लेम कापून आला तर औषधांची ओळ वेगळी काढून बघा आणि कापलेली दिसली तर लेखी कारण मागा, समाधान नाही झालं तर विमा लोकपालाकडे जाता येतं.

१ जानेवारी २०२४ पासून प्रत्येक पॉलिसीसोबत सीआयएस म्हणजे ग्राहक माहितीपत्रक देणं बंधनकारक आहे आणि ग्राहकाने मागितलं तर ते स्थानिक भाषेत द्यायचं असाही नियम आहे. माझं म्हणणं एवढंच की ते मागायची वेळच येऊ नये, महाराष्ट्रात ते मराठीतच हातात पडावं आणि त्यात औषधांचा रकाना वेगळा असावा. ॲडमिट असताना किती मिळणार, घरी आल्यावर किती दिवस मिळणार, कुठले कागद लागणार, त्यानंतर काहीच मिळणार नाही, असं सरळ लिहिलेलं. सत्तरीतल्या माणसाने पंचवीस पानांची इंग्रजी पॉलिसी वाचून हे शोधायचं का?

आमची पॉलिसी पुढच्या महिन्यात रिन्यू होतेय. मराठी माहितीपत्रकासाठी मी कंपनीला ईमेल टाकलाय आणि बाबांच्या फाइलमध्ये आता प्रत्येक बिलामागे त्याची चिठ्ठी आणि झेरॉक्स लावून ठेवतेय.

आपली,
एक वाचक